टाकीला ठिगळ

वेल्डर बहिणीने कॉम्प्रेसरच्या टाकीतली सगळी हवा सोडली आणि बुडावर हातोडी वाजवली. गंजलेल्या पत्र्याला लगेच पोचा पडला.

"ठिगळ मार, चालून जाईल," पंक्चरच्या दुकानाचा मालक असलेला तिचा भाऊ म्हणाला.

"पत्र्याचा पापुद्रा झालाय, दादा. हवा भरलीस की फुटेल."

"तुला जमत नसेल तर दुसरा वेल्डर बोलावतो."

"मग कुणालाच जमणार नाही, अशी करून ठेवते." तिने ग्राइंडर चालू केला आणि टाकी कापायला घेतली.

दादाने प्लग उपटला. "दुकान माझं आहे."

"पण दिवसभर टाकीला खेटून वहिनी बसते, तू नाही."

दादाने तोंड उघडायच्या आत वहिनीने आपली खुर्ची बाजूला ओढली आणि प्लग परत लावला.