आधी काय सोडायचं

तपासणीला आलेल्या साहेबांनी पाच नंबरच्या दाराच्या पेटीचा स्विच स्वतःच्या हातानं बंद केला आणि मनिषाला म्हणाले, "पाणी चढतंय असं समजा. आता दहा सेकंदांत पाच नंबर हललं पाहिजे. नाहीतर तुमचं काम नामंजूर."

विष्णुपुरी धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या बंधाऱ्याला अकरा दारं. प्रत्येक दारावर एक पेटी, पेटीत तळहाताएवढा कॉम्प्युटर. दार हलवायचं, नोंदी ठेवायच्या, साहेबांच्या पडद्यावर सगळं दाखवायचं, ही कामं या पेट्यांची. एक बंद पडली तर शेजारचीनं तिचं दार उचलायचं, ही मनिषाची दोन वर्षांची मेहनत. तिचे वडील ग्यानोबा याच बंधाऱ्यावर एकतीस वर्षं दारांची चाकं हातानं फिरवून निवृत्त झालेले. आज लेकीची परीक्षा म्हणून ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते, आणि कुणी बसा म्हणालं नाही म्हणून कठडा धरून उभे होते.

मनिषानं पाच नंबर उचलायचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"बसली सिस्टीम!" साहेबांनी फाईल मिटली. त्यांच्याबरोबर आलेले चौघेही त्या काळ्या पडद्याकडंच बघत राहिले.

ग्यानोबांनी उभ्या जन्मात पडदा बघून दार उचललं नव्हतं. तळहाताखाली कठडा थरथरायला लागला होता, आणि ती थरथर त्यांना चांगली ठाऊक होती.

"सायेब, त्याच्यात काय बघून राहिले? पाच नंबर बघा की!"

सगळ्यांच्या माना वळल्या. दार वर सरकत होतं. खालून पाण्याचा पांढरा पट्टा सुटला होता.

"मग पडदा का गेला?" साहेबांनी विचारलं.

"मीच घालवला, सर." मनिषानं सहा नंबरच्या पेटीकडं बोट केलं. "सहा नंबरच्या पेटीवर दोन दारांचा भार आला. अशा वेळी ती आधी पडद्याचं काम सोडते, मग नोंदींचं. दार सोडत नाही."

"हा क्रम कुठल्या पुस्तकातला?"

मनिषानं वडिलांकडं पाहिलं. ग्यानोबा ओशाळले.

"आमच्या येळचं हाय ते, सायेब. पुरात एखादा गडी आजारी पडला की शेजारच्यानं त्याचं चाक बी धरायचं. हात तर दोनच. मग आधी बिडी सोडायची, मग रजिस्टर." ते जरा अडखळले. "सायेब आले तरी नमस्कार करायचा न्हाई. लई बोलणी खाल्ली त्यापायी."

चौघांपैकी एकजण हसला. मनिषाचे डोळे मात्र अभिमानानं भरून आले होते.

साहेबांनी फाईल उघडून सही केली. मग ग्यानोबांसमोर येऊन त्यांनी हात जोडले.

ग्यानोबांनी नुसती मान हलवली. कठड्यावरचे हात काढले नाहीत. दार अजून पुरतं वर आलं नव्हतं.