तीन गोलांची आघाडी

मध्यंतराला आपली पिवळी टीम तीन-शून्यने पुढे, आणि घर एकदम चिडीचूप!

सोफ्याच्या या टोकाला सासरे, त्या टोकाला सून, मध्ये दोन माणसं आरामात मावतील एवढी जागा. अंगात दोघांच्याही पिवळी जर्सी. टीव्हीवर लोक नाचतायत, एकमेकांच्या गळ्यात पडतायत, आणि हे दोघं असे बसलेत, जसं काही दातांच्या दवाखान्यात नंबर लावून आलेत.

कारण सासरे सुनेशी बोलत नाहीत. मुलाने परस्पर लग्न उरकलं, त्याला आता वर्ष होत आलं, तेव्हापासून एक शब्द नाही. काही हवं असलं की भिंतीकडे बघून म्हणायचं, "कुणीतरी पाणी द्या." मग सासूबाई उठायच्या. पण आज सासूबाई बहिणीकडे गेलेल्या आणि नवरा औषधांच्या दुकानात ड्यूटीवर.

"कुणीतरी आवाज वाढवा," सासरे पंख्याला म्हणाले.

तिने वाढवला. आणि मनाशी ठरवूनच टाकलं, की आज जिंकलो की आपणच बोलायचं. 'बाबा, चहा टाकू?' बस, एवढंच. इतक्या खुशीत असलेला माणूस काय नाही म्हणणार आहे?

दुसरा हाफ सुरू झाला आणि आल्या आल्या लालवाल्यांनी एक गोल मारला.

"जाऊ दे. एकच तर गेला," सासरे पुटपुटले.

आता हे कुणाला? भिंतीला नाही, पंख्याला नाही. तिने कान टवकारले. मग तीही हळूच म्हणाली, पण टीव्हीला, "डावीकडचा पार दमलाय. त्याला काढायला हवं."

"कोच झोपलाय," सासरेही टीव्हीलाच म्हणाले.

म्हणजे बघा, टीव्हीमार्गे का होईना, गाडी हलली!

आणि पुढचा गोल त्याच डावीकडून आला. लालवाला आरामात आत शिरला, जसा काही स्वतःच्या घरात शिरतोय. तीन-दोन.

"सांगत होते ना मी!" ती ओरडलीच.

सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर बोलत होती ही..." आणि एकदम थांबले. चष्मा काढला, जर्सीच्या टोकाने पुसत बसले. चांगला स्वच्छ होता चष्मा.

आणि तेव्हा तिच्या मनात तो विचार आला. अजून एक बसू दे.

तिने जीभच चावली. अरे, शाळेत असल्यापासूनची टीम! हिच्या पायी ती किती वेळा न जेवता झोपली होती, पिवळ्या रंगाशिवाय दुसरी छत्रीसुद्धा कधी घेतली नव्हती. आणि आज ती समोरच्यांचा गोल मागत होती. तिने मनातल्या मनात अकराच्या अकरा जणांची माफी मागितली. आणि तरी मागत राहिली.

एक साधा, मरतुकडा बॉल आला. लहान पोरानेही अडवला असता. गोलकीपरने धरला, छातीशी घेतला आणि सोडला. बॉल घरंगळत आत.

"अगं, बघितलंस का!" सासरे ताडकन उभे राहिले, थेट तिच्याकडे वळून, दोन्ही हात पसरून. "बघितलंस त्या गाढवाला? हातातला सोडला! हातातला! तेल लावून आलाय का हाताला?"

"ब... बघितलं, बाबा."

"मग बोल की काहीतरी!"

बोल म्हणाले! मग काय, ती सुटलीच. "पण एकट्या त्याची चूक नाही, बाबा. तीन गोल झाल्यावर सगळेच्या सगळे मागे येऊन कशाला उभे राहिले? कोचनेच सांगितलं असणार."

"तुला काय डोंबल कळतंय! गोलकीपर मग कशाला ठेवलाय, शोभेला?"

"पुढे बॉल द्यायला एक माणूस नव्हता!"

"अगं, पण हातातला..."

आणि या गडबडीत चौथा गोल झाला. दोघांनाही तो रिप्लेमध्येच दिसला. मग शिट्टी. चार-तीन. संपलं.

सासरे मटकन खाली बसले, सोफ्याच्या अगदी मधोमध. तिचे डोळे भरून आले होते. हरलो म्हणूनच. थोडं तरी.

"पुन्हा आयुष्यात बघायची नाही ही टीम," सासरे म्हणाले.

"मी पण नाही."

सासऱ्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"बुधवारी किती वाजता आहे?"

"साडेसातला, बाबा."

मुलगा ड्यूटीवरून आला तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत वडिलांचा आवाज येत होता. ज्याची भीती होती ते शेवटी झालंच. दोन-दोन पायऱ्या चढत तो वर आला आणि किल्लीने दार उघडलं.

टीपॉयवर रिमोट, चष्म्याचं घर, दोन पेले आणि खोकल्याच्या औषधाची बाटली मांडलेली. वडील वाकून बाटली पुढे सरकवत होते आणि त्याची बायको ती परत मागे ओढत होती.

"हा इथे उभा होता!"

"नव्हता, बाबा! इथे होता, इथे!"

"फार हट्टी आहेस तू!"

"आणि तुम्ही?"

दार उघडलेलं दोघांनाही कळलं नव्हतं. मुलाने बॅग पोटाशी धरली, उंबऱ्यातच खाली बसला आणि आवाज होऊ नये म्हणून एकेक बूट हाताने, अगदी हळू काढायला लागला.