सरळ रेघ

रेघ उडाली. प्रशिकने डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. पुन्हा उडाली.

घ्या! रविवारी दुपारी जेवून जरा आडवं पडायचं, तर या माणसाने स्कोप अपडेट करायला घेतला होता. स्कोप म्हणजे वीज कशी धावते त्याची रेघ दाखवणारं यंत्र. प्रशिककडचा स्कोप मोबाईलएवढा, ऑनलाइन मागवलेला, सगळ्यांत स्वस्तातला. बीरगांवात टीव्ही अन् इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याला तेवढा पुरतो. कंपनीने त्याचा नवा प्रोग्राम काढला होता. तो त्याने लॅपटॉपवरून आत चढवला आणि चालतो की नाही बघायला भंगाराच्या डब्यातलं एक कार्ड जोडलं. नेमकं तेच हाताला लागावं!

जवळच्या उरला गावातल्या एका कारखान्यातलं, सळ्या कापायच्या मशीनचं कार्ड होतं ते; मालकाने नंतर मशीनच बदललं, म्हणून प्रशिककडेच राहिलेलं. मशीनला चालू हो, बंद हो, असा हुकूम यातूनच सुटायचा. गेल्या वर्षी त्या मशीनखाली तिथला कामगार हिरालाल मेला. अडकलेली सळई काढायला आत वाकला आणि पातं खाली आलं. बटनावर होते प्रशिकचे वडील, मारोती. मी बटन नाही दाबलं, मशीन आपल्या मनानं चाललं, असं ते दिसेल त्याला सांगत सुटले होते. मालक म्हणाला, ठीक आहे, तुमच्याच मुलाला तपासू द्या. प्रशिकने याच स्कोपवर तपासलं. रेघ सुतासारखी सरळ. "कार्डात काहीच खराबी नाही," त्याने चारचौघांत सांगून टाकलं. बाप असला म्हणून काय झालं, आपण खोटं बोलणार नाही, ही ऐट मनात होतीच. लोकांनी पाठ थोपटली तेव्हा छाती फुगली होती गाढवाची.

त्याने जुना प्रोग्राम परत चढवला. रेघ सरळ. नवा चढवला. मधूनच एक टोकदार उडी, डोळे मिचकावायच्या आत आलेली आणि गेलेली. एवढी बारीक उडी जुन्या प्रोग्रामला दिसतच नव्हती. आणि ते मशीन सुरू व्हायला अशी एक उडी पुष्कळ होती.

प्रशिकने सगळं तसंच टाकलं. तो बाहेर आला.

मारोती अंगणात बाजेवर बसले होते. नोकरी सुटल्यापासून ते तिथेच असायचे. सुरुवातीला येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडायचे, शपथा घ्यायचे. मग कधीतरी ते थांबलं. बरं झालं, विसरले, असं घरच्यांना वाटलं होतं.

"बाबा, तुम्ही खरं बोलत होते," प्रशिक म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं. "कार्डच खराब होतं. माझा स्कोपच आंधळा होता. तुम्ही बटन दाबलंच नव्हतं."

मारोतींनी मान वर केली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मंग आता काहून सांगून राहिला?"

"आत्ताच दिसलं न मले! चला, मालकाकडे जाऊ. हिरालाल भैयाच्या घरी जाऊ. चूक माझी होती म्हणून मी सगळ्यांले सांगतो."

"त्याच्या घरी मी जाऊन आलो." मारोती हळूच म्हणाले. "त्याच्या बायकोच्या, विनोदिनीच्या पायावर डोकं ठेवलं. माह्याच हातून झालं म्हटलं, माफ कर."

"अहो, पण झालं नव्हतं न तुमच्या हातून!"

मारोतींनी उजवा हात उलटा केला. अंगठ्याकडे बघत राहिले.

"तू खोटं बोलणार नाही, हे मले ठाऊक होतं. तू म्हटलं कार्ड चांगलं आहे, तं मंग मीच दाबलं असन. म्हणून रोज आठवून पाहत होतो. येत नव्हतं आठवून. अन् मंग एक दिवस आलं. हिरवं बटन. उन्हानं गरम झालेलं. मी दाबलं, अन् त्यानं माह्याकडे पाहिलं. आता डोळे मिटले का तेच दिसते, पोट्ट्या. हे तू कशानं काढशील?"