आठ वर्षांपर्यंत

पीं पीं करून थर्मामीटर वाजला आणि झोपेतली रेवा जागी झाली. ताप उतरला नव्हता.

शर्वाणी लेकीच्या कपाळावरची ओली घडी बदलून लॅपटॉपकडे वळली. मूल आजारी पडलं की आईबापाला पगारी रजा मिळावी, म्हणून ब्रसेल्समध्ये तिची कामगार संघटना वर्षभर मालकांशी भांडत होती. दोन्ही बाजूंचा करार झाला, की युरोपीय संघ त्याचाच युरोपभर कायदा करणार होता. आज शेवटची ऑनलाइन बैठक होती, आणि तिला स्वतःलाच रजा मिळाली नव्हती.

"बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी," ती म्हणाली.

"सहा," मालकांचा प्रतिनिधी म्हणाला.

"अहो, मंडईत आलात का?"

तासाभराने आठवर तडजोड झाली. तिकडे टाळ्या वाजल्या. तिने वैतागून लॅपटॉप मिटला.

"जिंकलीस, आई?"

"अर्धवट. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मिळेल रजा."

रेवाने बोटं मोजली. "मी तर परवाच नऊची झाले. मग माझा ताप कोण बघणार गं?"