चाकरमान्याचं मत

"हायकोर्टानं निकाल फिरवला, लवू," चिटणीस वकीलबाई म्हणाल्या. "नोकरी परत मिळणार नाही."

मुलुंडच्या त्या टीचभर ऑफिसात लवू उभाच राहिला. शेजारी त्याचा धाकटा भाऊ धाकू. गावच्या पंचायतीचा मेंबर, निकाल ऐकायला मुद्दाम कोकणातून आला होता.

"असं कसं बाई? लेबर कोर्टात जिंकलो ना आपण? आठ दिवस काविळीनं घरात पडलो होतो. सगळी चाळ साक्षीला आली."

"कंपनीनं तुमच्या गावची मतदारयादी आणली होती ना? लेबर कोर्टानं ती बाजूला ठेवली, वरच्यांनी उचलून धरली. त्याच आठ दिवसांत पंचायतीची निवडणूक झाली आणि तुमच्या नावापुढे मत दिल्याची खूण आहे. म्हणजे तुम्ही गावी होता, आजारपण खोटं."

"बनवलेला कागद आहे तो!" लवू ओरडला. तीन वर्षं तो हेच धरून बसला होता. बारा वर्षं जिच्या लेथवर हात काळे केले, त्या कंपनीनं आपल्याला लबाड ठरवावं, याचा त्याला नुसता संताप येत होता.

धाकूने घसा खाकरला. "कागद खरो आसा, दादा. तुझा मत मीच घातलंय. एका हाताक शाई होती, दुसरो पुढे केलंय. चाकरमान्यांची मतां घरचेच घालतत. फुकट कित्याक घालवूची?"

लवूचा हात उठला. याच्या थोबाडीत मारावी, की आपल्याच?

बाई मात्र सरसावल्या. त्यांनी कोरा कागद धाकूपुढे सरकवला. "हेच लिहून द्या. पुन्हा दाद मागून बघू. पण सांगून ठेवते, दुसऱ्याचं मत टाकणं गुन्हा आहे. तुमच्यावर केस होईल, मेंबरकीही जाईल."

"जांव दे," धाकू म्हणाला आणि लिहायला बसला.

लवूने त्याला अडवलं नाही. तीन वर्षं लवूची बायको सुलक्षणा लोकांच्या घरी पोळ्या लाटत होती. अडवणार कुठल्या तोंडानं?

"किती मतांनी निवडून आला होता? तेही लिहा," बाई म्हणाल्या.

धाकूचा हात थांबला. त्याने भावाकडे पाहिलं.

"एका."