साफ केलेली कॅसेट

थोरल्या लेकाला कुणी गाणं नुसतं ऐकलेलं खपायचं नाही. कुणाचं, कुठल्या सालचं, सगळं तोंडपाठ हवं. म्हातारी मात्र दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना एकच कॅसेट लावायची, मध्येच गप्पाही मारायची. “आई, गातंय कोण, ते तरी सांग,” तो डिवचायचा. “बाई आहे, एवढं कळतं. पुरे.” वारलेल्या नवऱ्यानं ती कॅसेट रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरली होती. आज लेकानं ती कॉम्प्युटरवर साफ करून नव्या कॅसेटवर उतरवून आणली. “ऐक आता. सगळा कचरा काढलाय.” हातातला सदरा तसाच धरून ती वाट पाहत राहिली. बाई एकटीच गात होती. नवऱ्याचं बेसूर गुणगुणणं नाही, खोकला नाही, “अगं, चहा टाक” नाही. “जुनी कॅसेट?” “कामातून गेली होती. टाकली.” तिनं बटण दाबून गाणं थांबवलं. “फार तयार कान तुझे. बापाचा आवाजही त्यांना कचरा वाटला.”