कर्त्याची नळी

पुण्याच्या डॉक्टरनं मालकांच्या छातीच्या हाडात सुई घालून मगज काढला. तो तपासला की माणूस किती तग धरणार ते कळतं म्हणे. निकाल ऐकायला मालक एकटेच आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "काय न्हाई गं, औषधानं बरं हुतंय."

घोटावड्याला आल्यावर मी मटण केलं. आमच्यात मगजाची नळी घरच्या कर्त्यालाच वाढतात. सून एकदा चुकली, तर तिच्या माहेरापर्यंत मी उद्धार केला होता. मी नळी मालकांना वाढली. त्यांनी ती उचलून थोरल्या लेकाच्या, कुशाबाच्या ताटात ठेवली.

"आवं, तुमची हाय ती."

"आता त्याची," मालक म्हणाले.

कुशाबा माझ्या तोंडाकडं बघत बसला.

"बघतोस काय?" मी खेकसले. "खा, गार हुतीया."